निकालपत्रातून उभं राहिलेलं नाटक

'छारा' हा शब्द मराठी कानाला अनोळखी आहे. 'कंजारभाट' म्हटलं की मात्र पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाला एखादी वस्ती आठवते, आणि बहुतेक वेळा तिच्याबरोबर हातभट्टीवरच्या छाप्याची एखादी बातमीही. ही दोन्ही नावं साँसी या एकाच मोठ्या समूहातली. गुजरातेत ते छारा, आपल्याकडे कंजारभाट. घरात बोलतात ती भांतू. अहमदाबादला कुबेरनगरजवळ छारानगर नावाची त्यांची मोठी वस्ती आहे. तिथला एक माणूस १९९८ पासून नाटक करतो आहे आणि पुढे सिनेमेही करू लागला आहे. नाव दक्षिण बजरंगे. पडद्यावर ते आपलं नाव लावतात 'दक्षिण छारा'.

कलावंताची वाटचाल सांगायचा आपला एक ठरलेला साचा आहे. हलाखीचं बालपण, मग धडपड, मग पहिली संधी, मग सत्कार. दक्षिण यांच्या बाबतीत त्या साच्यातून फारसं काही हाती लागत नाही. त्यांच्या कामाची मुळं एका कायद्यात आहेत. तो कायदा माहीत नसेल तर त्यांचं नाटक म्हणजे 'पोलिसांविरुद्धचं पथनाट्य' एवढंच दिसतं, आणि ते त्याहून पुष्कळ मोठं आहे. म्हणून आधी कायदा.

१८७१ साली इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट' केला. मराठीत आपण त्याला गुन्हेगार जमाती कायदा म्हणतो. त्यामागचा विचार असा होता: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोरीसुद्धा काही जमातींचा पिढीजात धंदा असणार. म्हणजे अमुक माणसाने अमुक गुन्हा केला, हे सिद्ध करायचं कामच उरलं नाही. तो कोणत्या घरात जन्मला एवढं पाहिलं की झालं. सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या लोकांची नोंदवही तयार व्हायची. नोंद झालेल्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा, पास नसताना सापडला तर शिक्षा. पुढच्या दुरुस्त्यांत बोटांचे ठसेही आले. आणि सगळ्यात भयंकर कलम हे, की जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या सरकारी जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देता येत नव्हतं. खुनाच्या आरोपीला निदान 'मी केला नाही' असं म्हणायची सोय असते. इथे तीही नव्हती, कारण आरोप कृत्याचा नव्हताच.

अशा लोकांना ठेवायला कुंपणाच्या वसाहती बांधल्या गेल्या. त्यांना म्हणत 'सेटलमेंट'. छारानगरची मुळं अशाच वसाहतीत आहेत. सोलापूरकरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तिथे आजही रिक्षावाल्याला 'सेटलमेंटला चला' म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. कुंपण गेलं, पत्ता राहिला.

स्वातंत्र्य आलं तेव्हा १२७ जमाती आणि सुमारे १ कोटी ३० लाख माणसं या कायद्याखाली होती, असा आकडा सांगितला जातो. देशाला स्वातंत्र्य १९४७ ला मिळालं, पण हा कायदा देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. यादीतून सुटले ते 'विमुक्त'. म्हणून भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांमध्ये ३१ ऑगस्ट हा मुक्तिदिन म्हणून पाळतात.

पण कायदा जाताना त्याच्या जागेवर दुसरा बसवून गेला. राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. आपल्या मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर फरक मोठा आहे: आता जमात नाही, शिक्षा झालेली व्यक्ती मोजायची. प्रत्यक्षात ठाण्यातल्या नोंदी त्याच, वस्त्या त्याच आणि आसपास चोरी झाली की दार ठोठावलं जाणारी घरंही तीच. त्याच १९५९ साली मुंबई राज्यात भीक प्रतिबंधक कायदाही झाला. त्यातली भिकेची व्याख्या जरूर वाचावी. सार्वजनिक जागी गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, या निमित्ताने पैसे मागणं हेही तीत भीक म्हणून येतं. डोंबाऱ्याची दोरी, दरवेशाचा खेळ, नंदीबैलवाल्याची ढोलकी, सगळं तिच्या कक्षेत. म्हणजे ज्या समाजांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या कला मुरलेली, त्यांच्या कलेचा रस्त्यावरचा प्रयोगच संशयित ठरला. एखादा विमुक्त तरुण रस्त्यावर नाटक करायला उभा राहतो तेव्हा त्या उभं राहण्यातच किती इतिहास आहे, हे यावरून कळावं.

मध्येच एक गोंधळ दूर करतो. दक्षिण यांना जगभर 'मूलनिवासी रंगकर्मी' किंवा 'आदिवासी रंगकर्मी' म्हटलं जातं, पण छारा अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत नाहीत. विमुक्तांचं देशभर असंच आहे. एक समाज एका राज्यात एका यादीत, तर शेजारच्या राज्यात दुसऱ्याच यादीत. आपल्याकडे फासेपारधी अनुसूचित जमातीत आणि राजपारधी, पालपारधी विमुक्त जातींत. कंजारभाटही आपल्याकडे विमुक्त जातींतच. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला, त्यात भटक्या-विमुक्तांची संख्या १० कोटींच्या पुढे धरली आहे. एवढ्या लोकांसाठी देशपातळीवर एक धड ठरलेलं नाव नाही. 'विमुक्त' हा शब्दसुद्धा ज्यातून सुटलो त्याचीच आठवण करून देणारा. हे माझं मत, पण विमुक्त कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ही खंत पुष्कळदा ऐकू येते.

आता १९९८.

बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात खेडिया शबर नावाची जमात आहे, तीही एके काळी 'गुन्हेगार' ठरवलेली. अकरबाइद गावचा बुधन शबर फेब्रुवारीत बायको श्यामलीला सायकलवर घेऊन नातेवाइकांकडे निघाला होता. वाटेत पान घ्यायला थांबला. तिथून पोलिसांनी त्याला उचललं. १७ फेब्रुवारीला तो तुरुंगात मेला. सांगितलं गेलं की त्याने फास लावून घेतला. शबरांच्या संघटनेने यावर विश्वास ठेवला नाही. पुरावा हातचा जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी जाळला तो पुतळा आणि खरा देह पुरून ठेवला. तो पुढे पुन्हा तपासणीसाठी बाहेर काढता आला. शबरांसाठी आयुष्य वेचणाऱ्या लेखिका महाश्वेता देवी या संघटनेच्या पाठीशी उभ्या राहिल्या. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती रूमा पाल यांनी पोलिसांची कहाणी ग्राह्य धरली नाही, सीबीआय चौकशी लावली आणि श्यामलीला भरपाई द्यायला सांगितलं.

याच वर्षी महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर काम सुरू केलं. गणेश देवी आपल्या भोरचे, बडोद्याच्या विद्यापीठातली नोकरी सोडून आदिवासी भाषांच्या कामाला लागलेले. सोबत होते लातूरकडचे लक्ष्मण गायकवाड. विमुक्त घरात वाढणं म्हणजे काय, ते मराठी वाचकाला ज्यांनी आत्मकथनातून आधीच दाखवलं होतं, ते गायकवाड. महाश्वेता देवी आणि गणेश देवी छारानगरात गेले आणि तिथल्या तरुणांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? पोरांनी वाचनालय मागितलं.

मला या उत्तराचं अजून नवल वाटतं. नोकरी, पैसा, गटार, नळ, काहीही मागता आलं असतं. वाचनालय झालं. तिथे पुस्तकं आली, पोरं बसू लागली, आणि त्यांच्या हातात बुधन खटल्याचं निकालपत्र पडलं. विशीतले दक्षिण त्या पोरांमध्ये होते.

निकालपत्र हा वाचायला रूक्ष प्रकार. तारखा, कलमं, वैद्यकीय अहवाल, कोण काय म्हणालं याच्या नोंदी. पण छारानगरच्या पोरांना ते रूक्ष वाटायचं कारणच नव्हतं. पुरुलिया कुठे आणि अहमदाबाद कुठे, भाषा वेगळी, जेवण वेगळं, पण कोठडीत काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. कोणाचा बाप, कोणाचा काका, कोणाचा भाऊ त्यातून गेलेला. दक्षिण आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या निकालातून 'बुधन' नावाचं हिंदी नाटक उभं केलं आणि ३१ ऑगस्ट १९९८ ला, मुक्तिदिनीच, त्याचा पहिला प्रयोग छारानगरात झाला. पुढे त्या गटाचं नावच 'बुधन थिएटर' पडलं.

हे नाटक कसं चालतं, हे समजून घेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नेपथ्याचा थाट नाही, प्रकाशयोजनेचा नाही. लागतात ती माणसांची शरीरं आणि आवाज. तोच नट आता बुधन, मग शिपाई, मग गर्दीतला एक. मारहाण सूचक हालचालीत गुंडाळून ठेवलेली नाही. ती लांबते, इतकी की प्रेक्षकाला नजर कुठे वळवावी ते कळत नाही. आणि इथेच नाटक वृत्तपत्राच्या पुढे जातं. 'कोठडीत मृत्यू' ही चार ओळींची बातमी चहा पिता पिता वाचून होते. तोच मृत्यू हाताच्या अंतरावर, घामेजलेल्या जिवंत पोराच्या अंगावर घडताना पाहायला लागला की तो 'त्यांच्या'तला राहत नाही. नाटकाच्या शेवटी नट आपली पात्रं बाजूला ठेवतात आणि छारा म्हणून प्रेक्षकांसमोर उभे राहतात. मागणी एकच करतात, सन्मानाची. बुधनची गोष्ट सांगता सांगता ती सांगणाऱ्यांची कधी झाली, हे पाहणाऱ्याला शेवटी समजतं.

वस्तीवर त्याचा परिणाम दुहेरी होता. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच छारानगरात पोलिसाच्या गाडीशिवाय यायला निमित्त मिळालं. आणि आतल्यांना, विशेषतः आईबापांना, आपल्या अंगावरच्या मारावर मोठ्याने बोलता येतं हे दिसलं. दक्षिण आणि त्यांचे सोबती एक गोष्ट वारंवार सांगतात: आम्ही जन्मजात गुन्हेगार नाही, जन्मजात नट आहोत. यात नुसती चमकदार कोटी नाही. छारानगरातल्या अनेक कुटुंबांनी चोरीवर आणि दारूच्या भट्टीवर दिवस काढले, मुलं त्याच पैशावर शिकवली, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. नोकरीच्या अर्जावर पत्ता वाचूनच दार बंद होत असेल, तर दुसरं काय होणार? चोराला प्रसंगावधान लागतं, वेगवेगळी सोंगं वठवावी लागतात, ठाण्यात तर फारच. दक्षिण यांचं म्हणणं असं, की आमच्या अंगात पोट भरण्यासाठी मुरलेला हा अभिनय आम्ही आता चारचौघांत, उजेडात करतो. स्वतःच्या समाजाकडे इतक्या स्वच्छ डोळ्यांनी पाहणारे कलावंत थोडे असतात. कैवार घेताना माणूस सहसा अवघड भाग गाळतो. त्यांनी तो संहितेतच घेतला.

'बुधन'च्या पाठोपाठ आलेलं एक नाटक आपल्या दारातलं आहे. जून १९९८ मध्ये बारामती भागातला पारधी समाजाचा पिन्या हरी काळे पोलिस कोठडीत मेला. बुधनला चार महिनेही झाले नव्हते. बुधन थिएटरने त्यावर 'पिन्या हरी काळे की मौत' हे नाटक केलं. बारामतीच्या पारध्याच्या मरणावर नाटक अहमदाबादच्या छारांनी करावं, ही गोष्ट मराठी नाटकावर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याला बोचते. आपली विमुक्तांची आत्मकथनं देशभर नावाजली गेली, साहित्य अकादमीपर्यंत पोहोचली. ती आपण वाचली, अभ्यासक्रमांना लावली. रंगमंचावर मात्र पारधी बहुतेक वेळा चोर म्हणून, नाहीतर विनोदाला म्हणून आला.

पुढच्या वर्षांत अहमदाबादमध्ये भटक्यांची घरं पाडली गेली, त्यावर 'बुलडोझर' आलं. दक्षिण मध्यंतरी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन लीड्स विद्यापीठात रंगभूमी आणि विकास या विषयाचं शिक्षण घेऊन आले. परत आले ते छारानगरातच. वाचनालयात खेळायला येणारी पोरं नाटकात वाढली, काही राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत गेली. बाकी पुरस्कारांची जंत्री मी देत नाही, त्यातून काही समजत नाही.

समजून घ्यायचं आहे ते हे, की नाटकात इतकं जमत असताना कॅमेरा कशाला?

एक कारण साधं आहे. पथनाट्याला नट आणि प्रेक्षक एका जागी लागतात. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांचं जगणं अहमदाबादच्या चौकात आणता येत नाही. ते महिनोन्‌महिने रणात राहतात, जमिनीखालचं खारं पाणी उपसतात, आगरात साठवतात, उन्हात पाय भाजत मीठ ओढतात. त्या लोकांवर दक्षिण यांनी 'द लॉस्ट वॉटर' हा माहितीपट केला. तिथे विस्तारच बोलतो: क्षितिजापर्यंत पांढरी जमीन आणि मधे एक झोपडी. हे नटाच्या हावभावातून उभं राहत नाही. दुसरं कारण पुराव्याचं. नाटक प्रयोग संपला की विरतं. माहितीपट राहतो, कोणाच्याही हातात देता येतो. ज्यांच्या इतिहासाची लेखी नोंद पोलिसांच्या वहीत तेवढी झाली, त्यांना स्वतःची नोंद स्वतः ठेवण्याची किंमत जास्त कळते. 'बर्थ १८७१' या त्यांच्या माहितीपटाचं नाव याच अंगाने वाचायला हवं. ज्या वर्षी कायद्याने त्यांना 'गुन्हेगार' म्हणून जन्माला घातलं, ते वर्ष जन्मसाल म्हणून लावलं आहे.

कॅमेरा त्यांच्यावरही रोखला गेला. शाश्वती तालुकदार आणि केरिम फ्रीडमन यांनी बुधन थिएटरवर माहितीपट केला, तो २०११ मध्ये आला. छारानगरची घरं, तालमी, आईबापांचं बोलणं पाहायचं असेल तर तिथून सुरुवात करावी.

मग २०१७ मध्ये 'समीर' हा हिंदी कथापट. मोहम्मद झीशान अय्यूब, सीमा बिस्वास, सुब्रत दत्ता आणि आपल्या नाशिकची अंजली पाटील अशी नटमंडळी, शिवाय बुधन थिएटरच्या तालमीत घडलेली मुलं. गोष्ट बॉम्बस्फोटाच्या तपासाची. पोलिसांच्या हाती एक निरपराध तरुण लागतो. तो निरपराध आहे हे माहीत असूनही त्याला खबऱ्या म्हणून वापरलं जातं. वरवर पाहता याचा छारांशी संबंध नाही. पण नीट पाहिलं तर हा 'बुधन'चाच प्रश्न आहे: नावावरून, वस्तीवरून संशयित ठरलेल्या माणसाने आपलं निरपराधपण कोणापुढे मांडायचं? दक्षिण यांनी तो प्रश्न आपल्या समाजाबाहेर नेला, आणि मला हे त्यांच्या वाटचालीतलं मोठं पाऊल वाटतं. विमुक्त कलावंताने विमुक्तांवरच बोलावं, ही अपेक्षाही एक प्रकारचं कुंपण आहे. सिनेमा प्रदर्शित होण्याआधी सेन्सॉर बोर्डाने एका संवादातल्या 'मन की बात' या शब्दांवर हरकत घेतली, तेवढ्यापुरती वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. सिनेमा काय म्हणतो यावर तेवढी झाली नाही.

कथापट दिग्दर्शित केल्याने छारानगरचं दैनंदिन जगणं बदललं, असं मात्र नाही. जुलै २०१८ मध्ये एका रात्री मोठा पोलिस फौजफाटा वस्तीत शिरला. घरांत घुसून मारहाण झाली, गाड्यांची मोडतोड झाली, अशा तक्रारी रहिवाशांनी केल्या. मार खाल्लेल्यांत पत्रकार आणि वकीलही होते, कारण आजच्या छारानगरात वकील पुष्कळ आहेत. उत्तर म्हणून वस्तीने मूक मोर्चा काढला.

कायद्याच्या बाजूनेही थोडं सांगायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्येच भारताला सराईत गुन्हेगार कायदा रद्द करायला सुचवलं होतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईच्या एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीवर बेतलेली कलमं घटनाबाह्य ठरवली. विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणारी भाषा त्या नियमावल्यांत तोपर्यंत शिल्लक होती. १८७१ पासून १५३ वर्षं. हा निकाल मराठी कॉलेजांच्या नाट्यमंडळांनी मिळवून वाचावा असं मला मनापासून वाटतं. छारानगरच्या पोरांनी बुधनचा निकाल वाचला होता तसा, तालमीच्या जागेत बसून, मोठ्याने.

आणि ते आडनाव. शहरात भाड्याचं घर शोधताना, नोकरी मागताना जात लपवणं हा विमुक्तांच्या जगण्याचा रोजचा भाग आहे. दक्षिण यांच्यापाशी बजरंगे हे आडनाव तयारच होतं. त्यावरून कोणाला काही कळलं नसतं. 'समीर'च्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून नाव आहे दक्षिण छारा.